डोक्यावरची पाटी, हातातली पाटी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात हातभर लांबीची एक चौकोनी दगडी फरशी आहे, मधोमध भोक पाडलेली. तिच्यावर कोरलेला माणूस कमरेच्या वर उघडा आहे. खाली झालरीसारखा लोकरी कपडा, डोकं तुळतुळीत आणि त्या डोक्यावर पाटी. समोर घरची माणसं हात जुळवून रांगेत उभी. ओळख नसेल तर बांधकामावरचा बिगारीच वाटावा. हा सुमेरमधल्या लगश राज्याचा राजा ऊर-नान्शे, काळ साधारण इ.स.पू. २५००. पाटीत देवळासाठी माती किंवा विटा आहेत. खालच्या ओळीत तोच राजा आसनावर बसून हातात प्याला धरून आहे, म्हणजे काम उरकलेलं दिसतं. बाजूच्या मजकुरात त्याने बांधलेल्या देवळांची नावं आहेत आणि दिलमुनच्या (आजच्या बहरीनच्या) जहाजांनी लाकूड आणून दिल्याची नोंद आहे.

मराठीत पाटी दोन प्रकारची. एक डोक्यावर घ्यायची, एक हातात धरून लिहायची. सुमेरमधली देवळं कशी होती आणि जगातली पहिली शहरं त्यांच्याभोवती का उभी राहिली, हे समजून घ्यायचं तर या दोन्ही पाट्या उचलाव्या लागतात. आधी डोक्यावरची.

सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा सपाट मुलूख. टेकडी नाही, खाण नाही, मोठ्या झाडाचं जंगल नाही. मिळतं ते तीनच: माती, पाणथळीतले बोरू आणि खजुराची झाडं. इजिप्तला बांधकामासाठी दगड होता, इथे तो चैनीचा माल. त्यामुळे सुमेरी गवंड्याची सगळी हुशारी मातीत मुरलेली आहे. मातीत पाणी आणि भुसा घालून पायाने मळायची, लाकडी साच्यात दाबायची, उन्हात वाळवायची. निप्पुर शहराच्या पंचांगात तिसऱ्या महिन्याचं नावच ‘वीट साच्यात घालण्याचा महिना’ असं होतं. साधारण मे-जूनचे दिवस, पूर ओसरत आलेला आणि ऊन कडक. भट्टीत भाजायला सरपण लागतं, ते कुठून आणणार? म्हणून पक्की वीट फक्त मोक्याच्या जागी. बाकी सगळं कच्चं.

कच्च्या विटेचं घर दरवर्षी लिंपावं लागतं, आणि लिंपूनही काही पिढ्यांत खचतं. मग माणसं मलबा उचलून नेत नाहीत. तो सपाट करून त्याच्यावरच नवं घर उठवतात. असं शेकडो वर्षं झालं की गाव आपोआप उंचावतं. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला पांढरीचं टेकाड म्हणतात, ते असंच तयार झालेलं असतं. अरबीत त्याला ‘तेल’ म्हणतात. इराकच्या नकाशावर तेल अमुक, तेल तमुक अशी नावं पसरलेली दिसतात, ती सगळी मेलेली गावं.

आता यातलं एकच टेकाड उभं कापून बघू.

एरिदू हे सुमेरी लोकांच्या मते जगातलं पहिलं शहर. राजेपद आकाशातून उतरलं ते एरिदूत, असं त्यांची राजावळी सांगते. फुआद सफर आणि सीटन लॉइड यांनी १९४६ ते १९४९ या काळात इथे उत्खनन केलं. वर एका मोठ्या मनोऱ्याचे अवशेष होते, इ.स.पू. २००० च्या थोडे आधीचे. त्याच्या कोपऱ्याखाली ते खणत गेले तर देवळाखाली देऊळ, त्याखाली आणखी एक देऊळ, अशी उतरंडच लागली. थर अठरापर्यंत मोजले गेले. तळाच्या थरांमध्ये जे सापडलं ती फक्त एक खोली, बाजू जेमतेम तीन मीटरची. आजच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराएवढी. मागच्या भिंतीत एक खोल कोनाडा, त्यात मातीचा ओटा आणि खोलीच्या मध्यावर दुसरा ओटा, त्यावर जळल्याच्या खुणा. वय सुमारे सात हजार वर्षं.

मला या खोलीचं फार अप्रूप वाटतं. कारण पुढच्या तीन हजार वर्षांत सुमेरी देऊळ कितीही फुगलं तरी हे दोन ओटे सुटले नाहीत. एक देवाचा, एक नैवेद्याचा. एरिदूचा देव एन्की, जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा मालक. वरच्या थरांतल्या देवळांच्या जमिनीवर राखेबरोबर माशांचे काटे साचलेले मिळाले. पाण्याच्या देवाला मासळीचा नैवेद्य. कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

उतरंड कशी चढली तेही बघण्यासारखं आहे. जुनं देऊळ पाडून जागा मोकळी करायची नाही, असा नियमच दिसतो. भिंती काही फुटांपर्यंत उतरवायच्या, खोल्या विटांनी गच्च भरायच्या आणि झालेल्या ओट्यावर नवं, थोडं मोठं देऊळ बांधायचं. देवाची जागा हलत नाही, फक्त उंच होते. असं दहा-बारा वेळा झाल्यावर देऊळ आपसूकच चौथऱ्यावर येतं आणि चढायला पायऱ्या लागतात. पुढे कधीतरी लोकांना वाटलं असणार की उंच चौथरा हीच देवळाची खूण. मग तो मुद्दाम, एका दमात बांधायला लागले. झिगुरात म्हणतात तो टप्प्याटप्प्यांचा मनोरा हा या सवयीचा शेवट. पिरॅमिडशी त्याची गल्लत नेहमी होते. पिरॅमिड हे थडगं आहे, आत राजा पुरलेला. झिगुरातच्या आत काहीच नसतं, भरीव विटा. तो नुसता चौथरा, देऊळ त्याच्या डोक्यावर.

शहर म्हणावं असं पहिलं ठिकाण मात्र एरिदू नव्हे. तो मान उरूकचा. इ.स.पू. ३३०० च्या सुमाराला उरूक अडीचशे हेक्टरच्या आसपास पसरलेलं होतं आणि लोकसंख्या दहा हजारांच्या कित्येक पट. त्या काळात एवढी माणसं एका जागी राहत असल्याचं जवळपास दुसरं उदाहरण नाही. शहराच्या पोटात दोन देवस्थानं. एक आकाशदेव अनूच्या नावाने ओळखलं जातं. तिथे बारा-तेरा मीटर उंच चौथऱ्यावर साडेसतरा बाय बावीस मीटरचं देऊळ होतं. भिंतींना जिप्समचा पांढरा गिलावा, म्हणून आज त्याला ‘श्वेत मंदिर’ म्हणतात. सपाट मुलखात उन्हात चमकणारी ही पांढरी पेटी किती लांबून दिसत असेल याचा अंदाज करा. शेतात नांगर धरलेल्या माणसालाही शहर कुठे आहे ते मान वर केली की कळत असणार.

जवळ जायला मिळालं तरी देव लगेच दिसत नसे. आतली रचना तीन पट्ट्यांची: मधे लांबट दिवाणखाना, दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग. दार लांब भिंतीत. आत शिरायचं, काटकोनात वळायचं, मग टोकाला देवाचा ओटा. आपल्याकडे महाद्वारातून सरळ रेषेत गाभारा दिसतो, तसं इथे नाही. मजा अशी की ही तीन पट्ट्यांची रचना त्या काळच्या साध्या घरांचीही होती. देवळाला वेगळेपण आलं ते बाहेरून. भिंत सपाट न ठेवता ठरावीक अंतराने उभे पट्टे पुढे काढायचे आणि मधे खाचा सोडायच्या. सूर्य सरकला की सावल्यांच्या रेघा सरकतात, मातीची भिंत जिवंत वाटते. उत्खननात अशी भिंत लागली की पुरातत्त्ववाले लगेच ‘देऊळ’ म्हणून लिहून टाकतात. माझ्या मते ते जरा घाईचं आहे. उरूकच्या दुसऱ्या देवस्थानात, इनान्ना देवीच्या एआन्ना परिसरात, सत्तर-ऐंशी मीटर लांबीच्या इमारती निघाल्या आहेत. त्यांतल्या काहींमध्ये देवाचा ओटाच नाही. सभेच्या, वाटपाच्या, मेजवानीच्या जागाही असू शकतील.

या एआन्नामधलीच एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी. बोटभर लांबीचे मातीचे भाजलेले शंकू, खडूसारखे. एका टोकाला काळा, लाल किंवा पांढरा रंग. ओल्या गिलाव्यात हे हजारोंनी खुपसायचे, रंगवलेलं टोक तेवढं बाहेर. त्यातून त्रिकोण, शंकरपाळे, नागमोडी पट्टे उमटतात. नक्षी नीट बघितली तर ती चटईची वीण आहे! बोरूच्या झोपडीला बाहेरून चटया बांधायचे, तीच चटई आता मातीत विणली. दक्षिण इराकच्या दलदलीत आजही बोरूच्या जाड जुड्या वाकवून कमानीची मोठी घरं बांधतात, त्यांना मुधीफ म्हणतात. पाच हजार वर्षांपूर्वीच्या उरूकच्या एका दगडी कुंडावर जवळजवळ तसंच घर कोरलेलं आहे आणि त्यातून मेंढरं बाहेर पडतायत.

देवाचं घर, अक्षरशः

सुमेरी भाषेत देवळाला वेगळा शब्द नव्हता. ‘ए’ म्हणजे घर. माणसाचंही आणि देवाचंही. एआन्ना म्हणजे आकाशाचं घर. मराठीतला देऊळ हा शब्दही ‘देवकुल’ वरून आलाय, पण आपण ते विसरलोय. सुमेरी माणूस विसरला नव्हता. देव त्या घरात राहतो, म्हणजे त्याला जेवण लागतं, कपडे लागतात, नोकरचाकर लागतात, झोपायला पलंग लागतो. जेवणासाठी जव, खजूर, मेंढरं आणि बिअर. त्यासाठी शेतं, कालवे, बैल, कळप, दळणाऱ्या बाया, पाव भाजणारे, मद्य गाळणारे. कपड्यांसाठी विणकर. दगड, तांबं आणि चांगलं लाकूड बाहेरून आणायचं, म्हणून व्यापारी आणि होड्या. एका घराचा संसार वाढता वाढता शहराएवढा झाला.

इतका पसारा तोंडी कसा सांभाळणार? इथे हातातली पाटी येते.

एआन्नामध्ये जुन्या इमारतींच्या भरावात, म्हणजे रद्दीत फेकलेल्या अवस्थेत, ओल्या मातीवर खुणा करून वाळवलेल्या हजारो छोट्या पाट्या सापडल्या. सर्वात जुन्या इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या आसपासच्या. जगातलं सर्वात जुनं लिखाण म्हणून आपण त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघतो, आणि त्यात ना प्रार्थना, ना कथा, ना राजाचा पराक्रम. जव इतका आला, मेंढरं इतकी, मजूर इतके, अमक्याला इतकं दिलं. बहुतेक पाट्या अशाच. उरलेल्या बऱ्याचशा म्हणजे शिकाऊ कारकुनांसाठी शब्दांच्या याद्या: हुद्दे, भांडी, लाकडाच्या वस्तू. कवी खूप नंतर आला, आधी कारकून आला.

त्याच काळातलं एक ओबडधोबड वाडगं उरूकला ढिगांनी सापडतं. तिरप्या काठाचं, साच्यात दाबून घाईने केलेलं, वापरून फेकून द्यायचं. ते मजुरांचा शिधा मोजायला होतं की पावाचा साचा होता, यावर अभ्यासकांची हमरीतुमरी चालू असते. पण पाट्यांवर ‘अन्न’ या अर्थाची जी खूण आहे तिचा आकार हुबेहूब या वाडग्याचा आहे, आणि माणसाचं डोकं अधिक वाडगं म्हणजे ‘खाणे’. पुढे इ.स.पू. २१०० नंतरच्या हिशेबांत शिधा नेमका कळतो: पुरुष मजुराला महिन्याला ६० सिला जव, बाईला ३०. एक सिला म्हणजे साधारण लिटरभर. बाईला निम्मी मजुरी ही काही कालपरवाची युक्ती नव्हे.

देवाच्या जमिनीचा कारभार कसा चाले हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते लगश राज्यातल्या गिर्सू शहरात. इ.स.पू. २३५० च्या आसपासच्या, एकाच संस्थेच्या हजाराहून अधिक पाट्या तिथे मिळाल्या. त्यात जमीन तीन प्रकारची आहे. एक थेट देवस्थानासाठी कसायची, दुसरी चाकरीच्या मोबदल्यात माणसांना लावून दिलेली आणि तिसरी खंडाने. देवस्थान इनामाचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या पाट्या वाचून १९२०-३० च्या दशकात आंतोन डाइमेल आणि आना श्नायडर या अभ्यासकांनी मांडलं की सुमेरी शहर म्हणजे देवळाची जहागीर, सगळी जमीन देवाची, सगळी माणसं देवाची कुळं. कल्पना सुटसुटीत होती म्हणून खूप गाजली, शाळेच्या पुस्तकांत अजून डोकावते. पण नंतर दियाकोनोफ आणि गेल्ब या अभ्यासकांनी जमिनींच्या खासगी खरेदीखतांकडे लक्ष वेधलं. कुटुंबं आपली जमीन विकत होती, राजे घेत होते. शिवाय गिर्सूची ती संस्था ‘देऊळ’ तरी कितपत? तिचं आधीचं नाव ‘बाईसाहेबांचं घर’ अशा अर्थाचं, आणि कारभार राजाच्या बायकोकडे. उरुकागिना राजा गादीवर आल्यावर तिला बाऊ देवीचं घर म्हणू लागले. या उरुकागिनाने आपण काय काय सुधारलं ते लिहून ठेवलंय. त्यात आधीच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध एक तक्रार अशी: देवाचे बैल राजाचे कांद्याचे वाफे नांगरत होते. आणि वाफे कुठे? देवाच्या सुपीक जमिनीत. चार हजार वर्षांहून जुन्या या वाक्यात देऊळ आणि वाडा यांचं नातं जितकं कळतं तितकं जाडजूड ग्रंथांत कळत नाही.

वाळू, मध आणि डांबर

डोक्यावरच्या पाटीकडे परत येऊ. बगदादच्या पूर्वेला दियाला नदीकाठी खफाजा इथे शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९३० च्या दशकात एक लंबगोल तटबंदीचं देऊळ खणलं. चौथरा, अंगण, भोवती कोठारं आणि कामाच्या खोल्या, बाजूला कुणा अधिकाऱ्याचं मोठं घर. हे सगळं इतरत्रही आहे. चक्रावून टाकणारी गोष्ट पायाखाली निघाली. बांधकामाआधी तिथली जुनी वस्ती मुळापासून उपसून काढली होती आणि त्या प्रचंड खड्ड्यात स्वच्छ वाळू भरली होती. एक खापरसुद्धा नाही. अंदाजे ६४ हजार घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तर ६,४०० खेपा. त्यांच्याकडे डंपर नव्हता. एका पाटीत वीस लिटर धरली तर बत्तीस लाख पाट्या, आणि ही फक्त आत ओतलेली वाळू, बाहेर काढलेला मलबा वेगळा. बांधकामाला याची काहीच गरज नव्हती. देवाच्या घराखाली माणसांचा उष्टा-खरकटा थर नको, एवढंच.

इतकी माणसं कामाला लावणं ही त्या शहरांची खरी करामत होती. प्रत्येकाची हजेरी, प्रत्येकाचा शिधा, कुठल्या टोळीचा मुकादम कोण. डोक्यावरची पाटी हलायला हातातली पाटी लागायची.

पण नुसत्या हजेरीपटाने माणसं बत्तीस लाख खेपा घालत नाहीत, त्यात त्यांचा भाव होताच. तो दिसतो गुदेआच्या मजकुरात. गुदेआ हाही लगशचा राजा, इ.स.पू. २१०० च्या थोडा आधीचा. मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर त्याने निन्गिर्सू देवाचं घर बांधल्याची हकिगत लिहवून घेतली. स्वप्नात देव आला, अर्थ लागेना, मग देवीकडे जाऊन अर्थ विचारला. काम सुरू होण्याआधी शहर अग्नीने शुद्ध केलं. त्या दिवसांत आईने पोराला रागावायचं नाही, मालकाने चुकलेल्या गुलामाला मारायचं नाही. मग मुहूर्ताची वीट. राजाने साच्यावर पाणी शिंपडलं, मध, तूप, तेल लावलं, स्वतः पाटी डोक्यावर घेतली, चिखल साच्यात भरला. साचा उघडल्यावर सुबक वीट निघाली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आपली भूमिपूजनं पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. याच गुदेआचा एक दगडी पुतळा लूव्रमध्ये आहे. मांडीवर फळी, फळीवर देवस्थानाच्या तटाचा नकाशा, शेजारी मोजपट्टी. लाकूड आणि मौल्यवान दगड आणणाऱ्यांत तो मेलुह्हाच्या लोकांचंही नाव घेतो. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा मुलूख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथून येणारा लालसर अकीक सुमेरमध्ये फार मानाचा होता.

आणि शेवटी ऊरचा झिगुरात, फोटोंत सगळ्यांनी पाहिलेला. ऊर-नम्मू राजाने इ.स.पू. २१०० च्या सुमाराला चंद्रदेव नन्नासाठी सुरू केला. पाया साधारण ६२ बाय ४३ मीटर. आत कच्च्या विटा, बाहेरून पक्क्या विटांची अडीच मीटर जाडीची कातडी, जोडायला डांबर. मातीच्या एवढ्या ढिगाचा शत्रू एकच, आत मुरलेलं पाणी. ओल धरली की पोट फुगतं आणि भिंत फुटते. म्हणून बाहेरच्या भिंतीत ठरावीक अंतरावर अरुंद उभी भोकं सोडली, ओल बाहेर पडायला. आपल्याकडे घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतीत पाइपांची तोंडं दिसतात, तीच युक्ती. मधे मधे बोरूच्या चटयांचे थर घातले, पकड राहावी म्हणून. विटांवर राजाच्या नावाचे शिक्के. त्या काळच्या देवळांच्या पायात विटांची छोटी पेटी करून तिच्यात तांब्याची खुंटीसारखी मूर्ती पुरायचे. मूर्ती राजाची, डोक्यावर पाटी.

ऊर-नम्मूच्या हयातीत काम पुरं झालं नाही, ते त्याचा मुलगा शुल्गी याने केलं. हे आपल्याला ज्याच्याकडून कळतं तो बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस, म्हणजे दीड हजार वर्षांनंतरचा. त्याने ढासळलेल्या झिगुरातचा जीर्णोद्धार केला तेव्हा जुने लेख वाचून घेतले, बापाने सुरू केलं आणि मुलाने संपवलं अशी नोंद केली, आणि स्वतःचे मातीचे लेख कोपऱ्यांत चिणून टाकले.

१८५४ मध्ये बसऱ्याचा ब्रिटिश उपवाणिज्यदूत टेलर याने ते कोपरे फोडले. तोवर आसपासच्या लोकांना त्या जागेचं जुनं नाव माहीत नव्हतं. विटांना चिकटलेलं काळं डांबर बघून ते तिला ‘तेल अल-मुकय्यर’ म्हणत, डांबराचं टेकाड. कोपऱ्यांतले लेख वाचले गेले तेव्हा कळलं की हे ऊर आहे.